लिफ्ट केलेली गाडी सत्तरला स्टिअरिंग हिसकावते. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, डॅम्पर सगळं करून झालं

अर्धवट_मेकॅनिक

मंडळी, हात टेकले म्हणून लिहितोय. जरा लांबेल, पण सगळं एकदाच सांगतो, म्हणजे "आधी हे पाहिलंत का" यात दोन दिवस जाणार नाहीत.

गाडी चेसिसवाली. पुढेमागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा), चारही कोपऱ्यांना कॉइल स्प्रिंग. मी घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने ३ इंच उचललेली होती. मूळ टायर २९ इंची, आता ३३. स्प्रिंग आणि शॉक बसले होते म्हणून गेल्या वर्षी मीच घरी बदलले. बाकीचं काम, म्हणजे ॲडजस्टेबल आर्म (ॲक्सलला चेसिसशी जोडणारे, लांबी बदलता येणारे दांडे), पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं धरणारा दांडा) वगैरे, त्या आधीच्या माणसाचं. त्याला मी हात लावलेला नाही.

दुखणं असं. ६५ पर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते. काटा ७० वर असताना पुलावरचा जोड किंवा खड्डा आला, आणि तोही फक्त डाव्या चाकाखाली आला, की पुढची दोन्ही चाकं एकदम डावी-उजवी झटके द्यायला लागतात. हातातलं स्टिअरिंग सूप पाखडल्यासारखं हलतं. आरशात काही दिसत नाही, डॅशबोर्ड खुळखुळतो. आपोआप थांबत नाही. वेग ३५-४० वर उतरला की मात्र एकदम गप्प, जसं काही झालंच नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं चाक निखळलं. बायकोने तेव्हापासून गाडीत बसणं सोडलंय आणि तिचं काही चुकत नाही.

आतापर्यंत काय केलं: टायर दोनदा बॅलन्स केले. अलाइनमेंट केली, कागदावर कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) डावीकडे २.४ अंश, उजवीकडे २.६, टो-इन (चाकांची पुढची बाजू किती आत वळलीय ते) एकूण २ मिमी. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा आडवा शॉक) नवा टाकला. त्यानंतर तीन आठवडे स्वर्ग, चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि पहिल्यापेक्षा जोरात. चाकं उचलून, वर-खाली आणि आडवी हलवून पाहिली, बॉल जॉइंटला प्ले (ढिलाई) जाणवला नाही. हवा ३० पीएसआय.

शिवाय एक वेगळी तक्रार. काटा ६० च्या पुढे गेला की सीटखालून बारीक घरघर येते. ती खड्डा असो नसो, येतेच. दोन्ही एकच दुखणं आहे का? की दोन?

चिखलप्रेमी

भावा, ३३ च्या टायरला एक डॅम्पर पुरतच नाही. दोन टाक, समोरासमोर. माझ्याकडे दोन वर्षं आहेत, काही त्रास नाही. एवढं डोकं नको लावूस.

जुना_पाना

अर्धवटराव, आधी जिवाचं बोलतो. हे सुरू झालं की घाबरून ब्रेकवर उभे राहू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका, अंगठे आतल्या आऱ्यांत अडकवू नका, आणि गाडी सरळ ठेवून वेग उतरू द्या. कारण सापडेपर्यंत हमरस्ता बंद.

चिखलप्रेमींशी माझं डॅम्परवरून जुनंच भांडण आहे, ते आजही करतो. डॅम्पर झटक्याचं कारण काढत नाही, झटका दाबतो. ताप आला की अंगावर घोंगडी टाकण्यातला प्रकार. तुमचे ते तीन आठवडे हाच पुरावा आहे. नवा डॅम्पर कुठल्यातरी ढिल्या सांध्याचा मार स्वतःवर घेत होता, आणि तेवढ्यात तो सांधा आणखी ढिला झाला. म्हणून चौथ्या आठवड्यात जास्त जोरात. टायरच्या बॅलन्सिंगचंही तेच. असमतोल टायर किंवा पुलाचा जोड ही नुसती ठिणगी. दारू कुठे भरून ठेवलीय ते शोधायचं.

माझा संशय पॅनहार्ड रॉडवर. कॉइल स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण ॲक्सलला आडवं धरून ठेवायला तिच्यात दम नाही. ते काम त्या एकट्या रॉडचं. आता बघा, स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर, चाकं ॲक्सलवर, मध्ये ड्रॅग लिंक. रॉडच्या टोकाला मिलिमीटरभर मोकळीक झाली की ॲक्सल चेसिसखाली आडवा सरकतो, स्टिअरिंग बॉक्स जागेवरच असतो, म्हणजे ड्रॅग लिंक चाकांना ओढते. चाकं वळली की ॲक्सलला परत उलटं ढकलतात. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का मिळत गेल्यासारखं. एकदा ताल जमला की वेग उतरेपर्यंत सुटत नाही.

आणि हा प्ले चाकं उचलून दिसत नाही. चाक हवेत असताना रॉडवर आडवा जोरच नसतो, सगळं घट्ट वाटतं. तपासायचं ते असं:

गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, जॅक नाही, घोडी नाही. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. डॅम्परचं एक टोक सोडून ठेवा, नाहीतर तो इथेही लपवाछपवी करेल. इंजिन सुरू, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा पूर्ण जोर मिळतो. आत एक शांत माणूस बसवा. शांत म्हणतोय, कारण तुम्ही गाडीखाली असणार. त्याने स्टिअरिंग फक्त घड्याळाच्या १० पासून २ पर्यंत, सावकाश, सारखं डावी-उजवी करायचं. फिरणाऱ्या पंख्यापासून आणि शाफ्टपासून लांब राहून तुम्ही एकेक सांधा बघायचा. नुसता बघायचा नाही, त्यावर हात ठेवायचा. डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, बोटाला कळतो. पॅनहार्डचं चेसिसकडचं टोक, मग ॲक्सलकडचं, मग ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही, शेवटी स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसमधले बोल्ट. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर खडूने किंवा रंगाने एक रेघ ओढा. रेघ तुटून सरकताना दिसली की चोर सापडला.

कॅस्टर कमी आहे हे खरं. लिफ्टने आर्म खाली झुकतात, ॲक्सल स्वतःभोवती फिरतो, कॅस्टर उतरतो. आखूड आर्मच्या गाडीत उचललेल्या दर इंचाला साधारण अंशभर धरा. पण नुसत्या कमी कॅस्टरने गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आळसाने परत येतं. ढिलाई असेल तर तो ती सहन करू देत नाही, एवढंच. म्हणून आधी ढिलाई काढा, मग कॅस्टर. दोन्ही एका दिवशी केलं तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. कॅस्टर वाढवताना पुढच्या हाउसिंगचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडला जातो ते नाक, खाली झुकतं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो, त्यामुळे हावरटपणा नको. साडेचारच्या आसपास थांबा.

स्प्रिंग बदलताना पॅनहार्ड सोडला होतात का? सोडल्याशिवाय ॲक्सल तेवढा खाली येत नाही, म्हणून विचारतोय.

पाणबैल

जुना पाना काकांच्या पोस्टखाली आपण काय बोलणार. पण ३ इंच लिफ्ट आहे आणि खाली घुसणारच आहात तर ब्रेकच्या लवचिक नळ्या पण बघून घ्या. चेसिस घोडीवर घेऊन ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून पाहा नळी ताणली जाते का. एबीएसची वायर पण. माझ्या गाडीची वायर एका खडकावर चाक लोंबकळलं तेव्हा तुटली, आणि दोन महिने मी सेन्सरला शिव्या घालत होतो.

अर्धवट_मेकॅनिक

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. सांगतो.

पुतण्याला स्टिअरिंगवर बसवलं. स्वभावाने शांत नाही, पण मोबाइल काढून घेतला की होतो. डॅम्परचं टोक सोडलं, इंजिन सुरू, मी खाली. चेसिसकडचं टोक घट्ट. बुश (सांध्यातली रबरी बाही) जरा पिळवटत होतं, पण टक नाही. टाय रॉड, ड्रॅग लिंक, सगळे सांधे गुमान. ॲक्सलकडच्या टोकावर हात ठेवला तर बोटाखाली स्पष्ट टक, टक. स्टिअरिंगची दिशा बदलली की एकदा, पुन्हा बदलली की एकदा. टॉर्च मारून पाहिलं तर ब्रॅकेट आणि बोल्टच्या डोक्यामध्ये तपकिरी भुकटी, कोणीतरी बारीक तपकीर सांडावी तशी. आजूबाजूला सगळा वाळलेला चिखल, फक्त बोल्टभोवती नाण्याएवढी चकाकणारी गोल जागा. रेघ ओढायची गरजच पडली नाही. बोल्टचं डोकंच आडवं सरकताना दिसत होतं.

बोल्ट काढला. १२ मिमीचा. भोक १४ मिमीचं. आता १४ चंही राहिलेलं नाही, आडवं झालंय, कॅलिपर लावला तर लांब बाजूने पावणेसोळा.

तर कबुली. वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय की त्या कामाला मी हात लावलेला नाही. लावलाय. स्प्रिंग बदलताना ॲक्सल खाली यावा म्हणून पॅनहार्डचा हाच बोल्ट मी काढला होता. त्याचे आटे खराब निघाले. रात्र झाली होती, डब्यात १२ चा एक बोल्ट सापडला, दोन वॉशर लावून "तात्पुरता" टाकला. आणि विसरलो. तो तात्पुरता बोल्ट अकरा महिने राहिला. तेवढ्यात मी बॅलन्सिंगवाल्याला, अलाइनमेंटवाल्याला आणि आधीच्या मालकाला मनातल्या मनात काय काय बोललोय ते इथे लिहीत नाही.

आता प्रश्न: ब्रॅकेट बदलू की नुसता १४ चा बोल्ट टाकून जोरात आवळू?

जुना_पाना

तात्पुरता हा आपल्या सगळ्यांच्या गाडीतला सगळ्यात टिकाऊ भाग आहे. माझ्याही आहे एक, कुठला ते सांगत नाही.

नुसता जोरात आवळून भागणार नाही. भोक लंबगोल झालंय, आठवड्यात पुन्हा सरकेल. मुळात त्या बोल्टने खिळ्यासारखं आडवा मार खायचा नसतोच. आवळल्यावर ब्रॅकेटचे दोन कान बुशमधल्या लोखंडी नळीला दाबून धरतात, आणि त्या घर्षणावर सगळं टिकतं. १२ च्या बोल्टला तेवढा दाब देता आला नाही, मग तो आत हिंदकळत राहिला आणि भोक कातरत गेला.

कानांना तडा नसेल तर ब्रॅकेट वाचेल. १४ चं नेमकं भोक असलेल्या जाड लोखंडी चकत्या दोन्ही कानांवर बाहेरून वेल्ड करून घ्या. चकती लावताना १४ चा बोल्ट भोकात घालूनच टाके मारा, म्हणजे दोन्ही बाजू एका रेषेत राहतात. रॉड बाजूला काढा, नाहीतर बुश भाजेल. बॅटरीची वायर सोडा, वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या अगदी जवळ लावा. तडा असेल तर डागडुजी नको, ब्रॅकेटच नवा. बोल्ट १०.९ ग्रेडचा घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. आट्यांचा भाग कानात येता कामा नये, तिथे गुळगुळीत दांडा हवा.

आणि हे नीट वाचा: शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर, पूर्ण वजनावर उभी असताना. रबर बुशची आतली नळी आवळली की ब्रॅकेटला चिकटते, पुढची हालचाल रबर पिळून होते. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली ठेवताक्षणी रबर पिळलेलं, आणि जन्मभर तसंच. तुमचं चेसिसकडचं बुश "जरा पिळवटत होतं" म्हणालात, ते यामुळेच असणार. तो बोल्टही ढिला करा, गाडी दोन-चारदा दाबून बसवा, मग दोन्ही टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. आर्मच्या बोल्टचंही तेच.

फोर_लो

दुसऱ्या तक्रारीबद्दल मी बोलते, घरघरीने मीही एक पावसाळा घालवलाय.

आधी एक गोष्ट. २९ च्या जागी ३३ टायर आहेत आणि स्पीडोमीटर बदलून घेतल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर काटा ७० दाखवतो तेव्हा गाडी ८० ला असते. काट्याचे ६० म्हणजे खरे ६८. त्या झटक्यांकडे जरा जास्त आदराने बघा.

दोन दुखणी आहेत, एक नाही. हे मोजून कळतं. ३३ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.६ मीटर जातो. खऱ्या ६८ ला चाक सेकंदाला सव्वासात फेरे घेतं. चाकाचं किंवा स्टिअरिंगचं दुखणं याच चालीने येतं, हाताला एकेक झटका जाणवतो. प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) मात्र डिफरन्शियलच्या पटीने जास्त फिरतो. तुमचं रेशो ४.१० धरलं तर सेकंदाला तीस फेरे. आणि क्रॉस जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या सांध्याचा) कोन चुकला असेल तर एका फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे सेकंदाला साठ. ते मोजता येत नाहीत, त्याची घरघरच ऐकू येते. तुम्ही घरघर म्हणालात, थरथर नाही, तिथेच मला शाफ्ट दिसला.

साधा क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर ही चूक तिथे फिटते. लिफ्टने हे दोन कोन वेगळे झाले की फिटत नाही, उरलेली घरघर तुमच्या सीटखाली येते. म्हणून आधी मागचा शाफ्ट नीट बघा: ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याकडे) एक क्रॉस आहे की दोन क्रॉस जोडून बसवलेत? पाना उचलण्याआधी हे ठरलं पाहिजे. जोडक्रॉस असेल तर पिनियनचं नाक सरळ शाफ्टच्या रेषेत हवं, एखादा अंश खाली, कारण जोर लागला की ते वर उठतं. दोन्ही टोकांना साधा क्रॉस असेल तर मात्र पिनियन ट्रान्सफर केसच्या बाहेर येणाऱ्या टोकाशी समांतर हवं. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की झालं.

कोन मोजायला मोबाइलचं लेव्हल चालतं, फक्त मोबाइल शाफ्टवर तीन-चारदा ठेवून सरासरी घ्या. गाडी स्वतःच्या चाकांवर हवी. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत ना तेही बघा. स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग जोडणारे दाते) एक दात चुकवून जोडलं गेलं तरी हेच होतं.

अर्धवट_मेकॅनिक

पॅनहार्ड झाला. कानाला तडा नव्हता. चकत्या वेल्ड केल्या, १४ चा १०.९ बोल्ट, गाडी खाली ठेवून आवळला. चेसिसकडचा बोल्ट ढिला केला तेव्हा बुशने अक्षरशः गिरकी घेतली, इतकं पिळलेलं होतं. डॅम्परचं टोक सोडलेलंच ठेवून आधी ४०, मग ५०, मग तोच पूल. पुतण्याला नेलं नाही, एकटाच गेलो. काट्याच्या ७० ला जोडावरून चाक गेलं, स्टिअरिंगला एक धक्का, आणि बस. परत वळून आणखी तीनदा गेलो. मग डॅम्पर लावला.

कॅस्टर दुसऱ्या रविवारी केला. खालचे आर्म जरा लांब केले, आता दोन्हीकडे ४.४. पुढचा शाफ्ट फोर-व्हीलमध्ये टाकून पाहिला, आवाज नाही.

ताई, तुमचं निदान तंतोतंत. दोन्ही टोकांना साधे क्रॉस आहेत. ट्रान्सफर केसकडे ११ अंश, पिनियनकडे ७. आधीच्या मालकाने बहुतेक जोडक्रॉसचा नियम ऐकून नाक वर केलं असावं, पण अर्धवटच. (नावावरून मी कोणाला हसू नये, कळतंय.) मागचे वरचे आर्म जवळजवळ एक सेंमी आखूड केले, नाक खाली आलं, आता ११ आणि साडेदहा. घरघर नव्वद टक्के गेली. ११ अंश तसेही जास्त आहेत ना?

फोर_लो

जास्तच आहेत. क्रॉस लवकर झिजतील, दर सर्व्हिसला ग्रीस मारा, चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एखाद्या टोपीतून तांबूस भुकटी आली तर तो क्रॉस संपला. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी तो शाफ्ट बॅलन्स करून घ्या.

पाणबैल

पुढच्या वेळी पाण्यात उतरणार असाल तर हाउसिंगच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करते त्या वाटेची) नळी पण बघा. लिफ्टमध्ये हमखास निसटते. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आत हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते.

अर्धवट_मेकॅनिक

आत्ता जाऊन पाहिलं. मागची नळी निसटलेलीच आहे, चेसिसला एका प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलीय. ती पट्टी माझी आहे. ऑइलचा नट सोडतो आणि पाणी शिरलंय का ते रंग बघून कळवतो.

अर्धवट_मेकॅनिक

दुधाळ.